आडनावाच्या रकान्यात

‘ही व्यक्ती सध्या विद्यार्थी आहे, याची खात्री आम्हाला करता आली नाही. कृपया माहिती पुन्हा तपासावी.’

पहिल्यांदा ही ओळ पडद्यावर आली तेव्हा बुरुल चक्क हसली होती. लोकांच्या फॉर्ममधल्या चुका शोधून काढायच्या, हाच तर तिचा धंदा. फॉर्म माणसाला ओळखत नाही, अक्षरांना ओळखतो, हे तिच्याइतकं त्या गल्लीत कुणाला कळत नव्हतं. “अक्षरं चुकली असणार,” ती म्हणाली आणि चहात दूध ओतलं. पुढचे नऊ दिवस ती अक्षरं दुरुस्त करत राहिली. त्या नऊ दिवसांत तिची नणंद सिर्गा कुठे झोपते, काय खाते, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि आपल्याला ते ठाऊक नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

घर तोकमोकला, राजधानी बिश्केकपासून तासाभराच्या वाटेवर. घरात बुरुल, दोन वर्षांची जिबेक, सासू आणि सासरे. सासूला ती अपा म्हणायची, सासऱ्यांना अता. जिबेकचे बाबा परदेशात, कझानला ट्रक चालवायचे आणि वर्षातून एकदा यायचे. सिर्गा एकोणीस वर्षांची, बिश्केकला वसतिगृहात राहून संगणकाचं शिकत होती. दुसरं वर्ष.

बुरुल घरी बसून अल्माटीच्या एका कंपनीसाठी वेबसाइटचे फॉर्म तपासायचं काम करायची. तिचा लॅपटॉप कंप्युटर लग्नाआधीचा. त्याचा पंखा असा घरघरायचा की जिबेक त्याला “आजोबा” म्हणायची, कारण अताही दुपारी तसेच घोरायचे. मार्चअखेरीला वरिष्ठ बाई, रौशन, फोनवर म्हणाल्या, “बुरुल, तुझ्या अंगणात हेलिकॉप्टर उतरतंय का?”

“पंखा आहे तो, रौशन एजे.” एजे म्हणजे ताई.

“मग त्याला सेवानिवृत्त कर. जूनपासून मोठं काम येतंय. या डब्यावर ते ओढलं जाणार नाही. नवा घेतलास तर तू, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल. स्पष्ट सांगते, राग मानू नकोस.”

नवा म्हणजे शहाण्णव हजार सोम. रौशनबाईंनीच सुचवलं, की शहरातल्या त्या मोठ्या दुकानात सॉफ्टवेअर डेव्हलपर लोकांना सवलत मिळते. बुरुलने चौकशी केली. त्या सवलतीसाठी नोंदणी झालेल्या कंपनीचं पत्र लागतं, आणि ही तर कंत्राटावर. पत्र मिळालं तरी सुटणार फक्त सात टक्के. विद्यार्थ्यांना मात्र पंधरा टक्के, वर पिशवी आणि माउस फुकट. एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत.

“तुमच्या घरात शिकणारं कुणी नाही का?” रौशनबाईंनी विचारलं.

अपा कणीक मळत होत्या. फोन स्पीकरवर होता. “आहे की!” त्या तिथूनच ओरडल्या. “वर्षाला एवढे पैसे मोजतोय तिच्या शिक्षणाचे, काहीतरी परत येऊ दे!”

दोघी हसल्या. मग अपांनी पिठाचा हात ओठांवर ठेवला. “पण यांच्या कानावर नको हं.”

यांच्या म्हणजे अतांच्या. बत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. कॉपी करताना सापडलेल्या सख्ख्या पुतण्याला त्यांनी नापास केलं होतं आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायलाही गेले होते. वस्तू एकीची आणि सवलत दुसरीच्या नावाची, हे त्यांना सांगायला जाणं म्हणजे आपणहून फळ्यासमोर उभं राहणं.

बुरुलने सिर्गाला फोन लावला. मागे कसलातरी एकसुरी आवाज येत होता.

“कुठे आहेस गं? काय गरगरतंय?”

“लॅबमध्ये, जेंगे.” सिर्गा वहिनीला जेंगे म्हणायची. त्या घरात रीतच तशी.

बुरुलने सगळं सांगितलं.

“माझ्या नावावर नको ना घेऊस.”

“अगं, लाजतेस काय? तुझं काय जातंय? दाखवायला तुझं ओळखपत्र, पैसे माझे. आणि नवा आला की जुना तुझा. कबूल केलंय ना मी.”

कबूल तर केलं होतं. ऑगस्टमध्ये. सिर्गा दुसऱ्या वर्षासाठी निघाली तेव्हा बुरुलने तिच्या पिशवीत जर्दाळूंची पुडी कोंबली होती आणि म्हटलं होतं, “सप्टेंबरात नवा घेते, मग हा तुझा.” सप्टेंबरात जिबेकला न्यूमोनिया झाला. ऑक्टोबरात छपराचं काम निघालं. नंतर तो विषय कुणी काढला नाही. सिर्गानेही नाही.

“घे मग,” सिर्गा म्हणाली, आणि अर्ध्या तासाने ओळखपत्राचा फोटो पाठवला. फोटोतल्या शिक्क्यावरचं वर्ष मागचं होतं. बुरुलच्या डोळ्यांतून ते सुटलं नाही, पण नवा शिक्का मारायचा राहिला असेल, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं.

आता त्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. सुनेने सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. जुनी चाल. शहरात आता कुणी फारशी पाळत नाही, पण तोकमोकच्या त्या घरात पाळायचे. अपासुद्धा नवऱ्याचं नाव घेत नसत. नाव नाही म्हणजे नावात दडलेला शब्दही नाही. अतांच्या नावाची सुरुवातच ‘जाक्शी’ या शब्दाने होते, आणि जाक्शी म्हणजे छान, बरं. माणूस दिवसातून पन्नास वेळा वापरतो तो शब्द. बुरुल पाच वर्षं तो गिळत आली होती. जेवण कसं झालंय, तर “चवदार.” तब्येत कशी आहे, तर “ठीक.” सिर्गाला त्या शब्दाची बंदी नव्हती, ती लेक. आठवड्यातून दोनदा तिचा संदेश यायचा, आणि त्यात तेवढा एकच शब्द असायचा: जाक्शी.

आणि सिर्गाचं आडनाव म्हणजे तेच नाव. अमक्याची मुलगी. तिकडे पुष्कळ मुलींची आडनावं अशीच असतात, वडिलांच्या नावापुढे ‘किझी’ म्हणजे मुलगी, मधे मोकळी जागा.

बोटांना बंदी नव्हती. बुरुलने ते नाव फॉर्ममध्ये लिहिलं आणि नकार आला. मग तिने पहिलं अक्षर बदललं, कारण त्यांच्या लिपीतलं ते अक्षर रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहितात. नकार. मधली मोकळी जागा काढली. नकार. ‘किझी’ आडनावाच्या रकान्यात आणि वडिलांचं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात टाकलं. त्यावर दुकानाचं पत्र आलं, ‘प्रिय श्रीमती मुलगी’. अपांना ते वाचून दाखवल्यावर त्या कणकेचे बोरसोक तळता तळता एवढ्या हसल्या की दोन करपले.

“यंत्राला माझी पोरगी कोण ते कळेना, आणि म्हणे हुशार यंत्र!”

“कळेल हो अपा. ‘सिर्गा’तला पहिला स्वर बदलून बघते.”

“बघ. नाहीतर अर्जाला एक बोरसोक जोड.”

पाचवा अर्ज, सहावा अर्ज. बुरुलला त्यात एक प्रकारची मजाही वाटू लागली होती, कामाची मजा. कुठे अडतंय ते शोधायचंच. नावावर अडतंय म्हणजे नावातच चूक, हे तिने पहिल्याच दिवशी धरलं आणि मग सोडलं नाही.

सातव्या दिवशी तिने विद्यापीठाच्या कार्यालयाला फोन केला. खिडकी उघडी होती. बाहेर अता शिडीवर चढून जर्दाळूच्या वाळक्या फांद्या छाटत होते. कात्रीचा आवाज आत येत होता, म्हणजे आतला आवाज बाहेर जात होता. अपा फोनला कान लावून बसल्या.

पलीकडे एक तरुण मुलगी होती. “बोला.”

“एका मुलीची चौकशी करायची होती. संगणक शाखा, दुसरं वर्ष. सिर्गा.”

“आडनाव?”

बुरुलने खिडकीकडे पाहिलं. अपांनीही. “सिर्गा,” ती पुन्हा म्हणाली. “उंच आहे. केस लांब.”

“आडनाव सांगा हो. मी काय केस मोजू?”

“तिच्या वडिलांचं… ते शिक्षक होते. त्यांचं नाव…” कात्री थांबली. अतांनी कपाळ पुसलं. कात्री पुन्हा सुरू झाली.

पलीकडची मुलगी एकदम हसली. “अय्या, सूनबाई का तुम्ही? असू दे, असू दे. माझी आईपण अशीच. दवाखान्यात तिने आजोबांचं नाव सांगायला पाच मिनिटं लावली होती.” पानं उलटल्याचा आवाज. “सिर्गा, दुसरं वर्ष… आहे की. कालपर्यंत सगळी हजेरी आहे. काळजी करू नका, ताई.”

“आहे ना?”

“आहे, आहे. चांगली पोरगी दिसतेय, एक तास चुकवलेला नाही.”

अपांनी सुनेचा दंड दाबला. बुरुलने त्या मुलीला आशीर्वाद दिले, नवरा चांगला मिळो म्हणाली. आणि लगेच बसून दुकानाला कडक शब्दांत लिहिलं, की दोष तुमच्या यंत्रणेत आहे, मी याच कामातली आहे, मला शिकवू नका. दुकानाने शांतपणे उत्तर दिलं, विद्यापीठाचा दाखला जोडावा.

दाखला आण म्हणून सिर्गाला सांगितलं. “आणते.” दुसऱ्या दिवशी विचारलं तर उत्तर नाही. संध्याकाळी नुसता वर केलेला अंगठा. शेवटी बुरुलने बोलून संदेश पाठवला, आणि आवाज चढलाच: “सिर्गा, एक कागद आणायला सांगितलाय, डोंगर नाही. तुझ्यासाठीपण चाललंय ना हे? वीस तारीख जवळ आलीये. घरातल्यांचं एवढं तरी करावं माणसाने.”

रात्रीपर्यंत दाखला आला नाही.

नवव्या दिवशी सकाळी बुरुल जिबेकला घेऊन बिश्केकच्या व्हॅनमध्ये बसली. अतांना सांगितलं, डॉक्टरकडे जातेय. जिबेक वाटेत दोनदा ओकली, म्हणजे ते अगदीच खोटं ठरलं नाही.

कार्यालयाच्या खिडकीत या वेळी चष्मा लावलेल्या वयस्कर बाई होत्या. मागे दहा-बारा पोरांची रांग.

“आडनाव?”

इथे ना अता होते, ना अपा. कुणी ओळखीचं नव्हतं. तरी जीभ वळेना. बुरुलने कागदासाठी पिशवी चाचपली. जिबेकने तेवढ्यात तिचा पेन जमिनीवर टाकला आणि तो रांगेतल्या पायांत कुठेतरी गेला.

“बाई, रांग आहे मागे.”

“जाक्शिलिक किझी,” बुरुल म्हणाली. “सिर्गा.” पाच वर्षांत पहिल्यांदा. तिला वाटलं, रांगेतली सगळी पोरं आपल्याकडे बघतायत. कुणीही बघत नव्हतं.

बाईंनी पडदा पाहिला, मग चष्मा वर करून पुन्हा पाहिला. “हिचा दाखला कसा देणार? हिचं नाव कमी झालंय. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला.”

“नाही हो. मी फोन केला होता. हजेरी आहे म्हणाल्या.”

“कुणाची?” बाईंनी वही ओढली. “सिर्गा दोन आहेत या वर्षाला. दुसरी तालासची, आसानकुलोवा. ती येते रोज. तुम्ही आडनाव सांगितलं होतंत ना?”

बुरुलने जिबेकला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“तीन विषयांची प्रात्यक्षिकं दिलीच नाहीत हिने,” बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. “दोनदा मुदत दिली होती. तुमची कोण?”

“नणंद.”

“वसतिगृहात विचारा. तिथली खाटही सोडली असणार. आता पुढच्याला येऊ द्या.”

खाट सोडली होती. त्यावर दुसरीच कुणी उशी ठेवून बसली होती. खोलीतली उमुत नावाची बारीकशी मुलगी बुरुलला जिन्यात घेऊन आली.

“तुम्हीच का त्या? जुना कंप्युटर देणार होतात त्या?”

जिन्यातली ती एवढीशी पोर, तिने काही टोमणा म्हणून विचारलं नव्हतं.

“लॅब सहाला बंद होते,” उमुत सांगू लागली. “आम्ही सगळ्या खोलीवर करायचो. माझा ती मागायची, पण मलाही त्याच दिवशी द्यायचं असायचं. मग ती फोनवर लिहायची प्रोग्राम. एवढ्याशा पडद्यावर, अंगठ्याने. कंस चुकायचा एक, आणि सगळं पुन्हा. मी म्हटलं, घरी सांग. ती म्हणायची, वहिनीचं काम त्यावर चालतं, घर त्यावर चालतं, तिने कबूल केलंय, येईल. डिसेंबरपर्यंत म्हणायची. नंतर नाही म्हणाली.”

जिबेकने जिन्याचा कठडा चाटला. बुरुलने तिला उचललं आणि पत्ता विचारला.

शहराच्या कडेच्या नव्या वस्तीत, एका घराच्या तळघरात शिलाईचा कारखाना होता. बारा यंत्रं, इस्त्रीची वाफ, आणि तोच एकसुरी आवाज. फोनवर ऐकलेली ‘लॅब’ ती हीच. सिर्गा कोपऱ्यात पाटावर बसून तयार ब्लाउजांचे सुटे दोरे कापत होती. मागे कापडाच्या गठ्ठ्यांवर तिची घरची निळी गोधडी घडी करून ठेवलेली.

वर पाहिल्यावर तिला आधी जिबेक दिसली.

“हिला कशाला आणलंस इथे? धूळ आहे.”

“जेवलीस?” बुरुलच्या तोंडून तेवढंच निघालं.

“दोन वाजता जेवतो आम्ही.”

“मला सांगायचं होतंस गं.”

“सांगितलं होतं की.” सिर्गाची कात्री चालूच होती. “माझ्या नावावर नको म्हटलं. तू म्हणालीस, तुझं काय जातंय. मग अकरा अर्ज केलेस. प्रत्येक वेळी मलाही पत्र यायचं, जेंगे, त्यात माझाही पत्ता दिला होतास ना. ‘आपण विद्यार्थी आहात याची खात्री करता आली नाही.’ अकरा वेळा. एकदा तर श्रीमती मुलगी म्हणून.” ती हसली, आणि मग बाहीने डोळे पुसायला लागली.

शेजारच्या यंत्रावरची बाई पाय न थांबवता म्हणाली, “रडायचं तर कापडापासून लांब रड गं, डाग पडतात.” आणि डाव्या हाताने स्वतःचा रुमाल तिच्याकडे फेकला.

बुरुल तिथेच, दोऱ्यांच्या ढिगात बसली. तिने नणंदेचा हात धरला. बोटांच्या टोकांना कात्रीचे घट्टे. “चल घरी. आत्ता.”

“आज दोनशे नग द्यायचेत. यांनी मला झोपायला जागा दिली, अर्धवट टाकून कशी येऊ? उद्या ये. उद्या येते तुझ्याबरोबर.” मग घाईघाईने, “पण अतांना मी सांगणार. मी. तुझ्याकडून कळता कामा नये. भाकरीची शपथ घे.”

“भाकर मारो मला, बोलले तर,” बुरुल म्हणाली.

जिबेक तोवर गठ्ठ्यावर चढली होती. आत्याने तिला एक चिंध्यांची बाहुली वळून दिली, दोऱ्याचे केस लावून.

संध्याकाळी चहाला सगळे बसले होते. अता साखरेचा खडा दाताखाली धरून चहा प्यायचे. त्यांनी नातीला विचारलं, “काय म्हणाले गं डॉक्टर?”

“आत्या,” जिबेकने बाहुली वर धरली. “आत्या धूळ. कचकच, कचकच.” दोन बोटांनी कात्री करून दाखवली.

अपा हसल्या. अता हसले नाहीत. त्यांनी बाहुली हातात घेतली, चिंध्यांची कड तपासली, एखादं उत्तर तपासावं तशी. “हे कुठून आलं, बेटा?” हा प्रश्न त्यांनी नातीकडे बघत विचारला, पण तो कुणाला होता हे सगळ्यांना कळलं.

एका वाक्यात सुटता आलं असतं. बाजारात घेतली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नऊ दिवस बुरुल एकाच गोष्टीभोवती फिरत होती. पुन्हा आपण गप्प बसलो आणि रात्रीत काही झालं तर? ही भीती शपथेहून मोठी झाली. तिने सगळं सांगितलं. सवलत, अकरा अर्ज, दुसरी सिर्गा, अंगठ्याने लिहिलेले प्रोग्राम, गोधडी. अपांनी तोंडावर हात ठेवला तो काढलाच नाही.

“अकरा वेळा,” अता म्हणाले. “माझं नाव.” मग फोन मागितला.

“अता, आज नको. उद्या ती स्वतः…”

“फोन दे, बाळा.”

सिर्गाने लगेच उचलला, वहिनीचा नंबर ना. अता म्हणाले, “मी बोलतोय. मला सगळं कळलंय. घरी ये.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण बत्तीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी पोरांना फळ्याकडे बोलावलं, त्याशिवाय दुसरा आवाज त्यांना उरलाच नव्हता. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, “नीट बोललो ना मी?” आणि बुरुलने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अता, डोक्यावर पांढरी टोपी घालून, आणि बुरुल, जुना कंप्युटर पिशवीत घेऊन, आठ वाजता तळघराच्या दारात होते. मालकीण इस्त्री गरम करत होती.

“सिर्गा? ती सहालाच गेली. दोनशे नग पुरे केले, कात्री मोजून परत दिली, गोधडी उचलली. मी विचारलं, घरी का? ती म्हणाली, हो. मग तुम्ही कोण?”

फोन बंद होता. उमुतकडे ती गेली नव्हती. पोलीस चौकीत जाडजूड गृहस्थाने वय विचारलं आणि म्हणाला, “एकोणीस? मोठी आहे. रुसली असेल. वसंतात रुसतात पोरी, उन्हाळ्यात येतात.” अता त्याच्यासमोर टोपी हातात घेऊन उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी उत्तर न देता घरी पाठवत होतं.

वीस तारीख गेली. दुकानातली पाटी उतरली. रौशनबाईंना बुरुलने कळवलं, नणंद सापडत नाही, जूनचं काम दुसऱ्या कुणाला द्या. त्या म्हणाल्या, “मी पण इकडे विचारते. अल्माटीतही शिलाईचे कारखाने पुष्कळ आहेत. फोटो पाठव.”

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी बुरुल शहरात जाते. अता बरोबर येतात. शिलाईची तळघरं, लगमानच्या शेवयांची खानावळ, बाजारातल्या लोखंडी मालडब्यांत थाटलेल्या दुकानांमागच्या खोल्या, अशा जागा. प्रत्येक दारात ती सिर्गाचं पूर्ण नाव घेते, वडिलांसकट, मोठ्याने, यंत्रांच्या वर ऐकू जाईल असं. अता दोन पावलं मागे उभे राहून जमिनीकडे बघत असतात. मग ती फोटो दाखवते. बायका यंत्र थांबवतात, हात पुसतात, फोटो जवळ घेतात. बहुतेक जणी नाही म्हणतात. पण एकीकडे एक पोर असते, दुसरीकडे दुसरी: नवीन आलेली, कमी बोलणारी, रविवारी कुठेच न जाणारी. “ही नाही, पण आमच्याकडे पण एक आहे बघा,” असं त्या हळूच म्हणतात, आणि आत बोट दाखवतात. बुरुल आत जाते. दर वेळी वेगळीच मुलगी वर बघते. बुरुल तिला विचारते, जेवलीस का, घरी कुणाला माहीत आहे का तू इथे आहेस ते. आतापर्यंत चौघींनी तिच्या फोनवरून घरी फोन केला. एकीने फोन लावून नुसता कानाला धरला आणि परत दिला.

तुमच्याही जवळपास अशी एखादी असेल. जिन्याखालच्या खोलीत, मेसच्या शेवटच्या टेबलावर, तुमचे कपडे जिथे शिवले जातात तिथे मागच्या अंगाला. तिचं नाव सिर्गा असेल, नसेल. आज जा तिच्याकडे. काही शहाणपण सांगू नका, बसा जरा वेळ, जेवली का विचारा. आणि ती उद्या या म्हणाली, तर उद्यावर सोडून निघू नका.